कार्बन सिरॅमिक ब्रेक बसवू का? चौथ्या लॅपला पेडल खाली जातंय

तिसरं_वळण:
मंडळी, गाडी दीड टनाची, ब्रेक कंपनीचेच, बिडाच्या डिस्क. महिन्यातून एखादा ट्रॅक डे (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) करतो. पहिले तीन लॅप झकास. चौथ्याला लांब सरळ पट्टा संपतो तिथे पेडल दोन बोटं खाली जातं. मागच्या वेळी तर दोनदा पंप केल्यावर गाडी आवरली, पोटात गोळाच आला. मित्र म्हणतात सिरॅमिक टाक आणि मोकळा हो. डिस्क, पॅड आणि पॅड डिस्कवर दाबणारे कॅलिपर असा पूर्ण किट बघून ठेवलाय. रोजच्या वापरालाही हीच गाडी आहे. पैसे सत्कारणी लागतील का?

फुल_थ्रॉटल:
डोळे मिटून घे. वजन निम्मं, रिम काळी होत नाही, डिस्क जन्मभर टिकते. फॉर्म्युला वनमध्ये उगाच वापरत नाहीत.

काळेहात:
थांबा जरा. पेडल खाली गेलं आणि पंप केल्यावर वर आलं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आजार डिस्कचा नाही, ब्रेक ऑइल उकळतंय. उकळलं की कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते, आणि तुमचा पाय ती वाफ दाबत बसतो. पेडल दगडासारखं कडक आणि तरी गाडी थांबत नाही, असं झालं असतं तर पॅडवर संशय घेतला असता. लोक दोन्हीला ‘ब्रेक गेले’ म्हणतात आणि दोन्हीवर डिस्क विकत घेतात.

आकडा मांडून बघा. दीड टनाची गाडी ताशी २०० वरून १०० वर आणली की सुमारे १७ लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला गेली असं धरा. दहा किलोची बिडाची डिस्क एवढ्या एका ब्रेकमध्ये सव्वाशे अंशांनी तापते. पुढच्या वळणापर्यंत ती पुरती निवत नाही, त्यावर पुढचा ब्रेक. ही धग पॅडमधून, पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला दमटपणा पीत राहतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. शेवटचं कधी बदललं होतं?

आता सिरॅमिक. फॉर्म्युला वनमध्ये असतं ते कार्बन-कार्बन. ते वेगळंच जनावर आहे, गार असताना धरतच नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत कार्बनच्या धाग्यांचे तुकडे राळेत दाबून भाजतात, मग त्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवतात, त्याचं सिलिकॉन कार्बाइड होतं. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ ला असे ब्रेक स्टँडर्ड दिले. वजन निम्म्यावर येतं हे खरं. पण गाडी आधी थांबेल ही आशा सोडा. ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडतंय ना? मग टायरला झेपेल तेवढी ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आत्ताही आहे.

‘जन्मभर’बद्दल माझं ऐका. माझ्या आधीच्या गाडीला कारखान्यातूनच सिरॅमिक होते. रस्त्यावर झिज जवळपास शून्य. ट्रॅकवर मात्र ते झिजत नाहीत, जळतात. फार तापले की आतला कार्बन हवेशी जळून जातो, जाडी तेवढीच राहते आणि वजन घटतं. म्हणून डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. दोन हंगामांनंतर पुढची डावी डिस्क काढून काट्यावर ठेवली, तर मर्यादेच्या वर फक्त ४० ग्रॅम उरले होते. जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला तर नवी कोरी! त्याच महिन्यात टायर बदलताना एका गॅरेजच्या पोराच्या हातून चाक निसटलं, रिम डिस्कच्या कडेला लागली आणि नखाएवढा टवका उडाला. गाइड पिन (चाक सरळ बाहेर यावं म्हणून लावायची दांडी) लावून चाक काढ, असं बजावलं होतं. बिडाची असती तर कानस फिरवून विषय संपला असता. मी ते सिरॅमिक काढून खोक्यात ठेवले आणि ट्रॅकला बिडाच्या डिस्क लावल्या. असं करणारा मी एकटा नाही.

तुम्ही आधी जास्त उत्कलनबिंदूचं ताजं ऑइल भरा, हवा नीट काढा, पुढे ट्रॅकचे पॅड टाका. जमल्यास बंपरमधून डिस्ककडे वाऱ्याची नळी न्या. किट कुठे पळून जात नाही.

सकाळची_ड्राइव्ह:
ट्रॅकपुरतं काळेहात यांचं बरोबर आहे, पण सिरॅमिकला अगदीच मोडीत काढू नका. मी ट्रॅकवर पाय ठेवत नाही. चाकाकडचं वजन उतरल्याने खडबडीत रस्त्यावर गाडी किती शांत बसते ते चालवल्याशिवाय कळत नाही. गंज नाही, रिमवर काळी भुकटी नाही. पावसात पहिला ब्रेक मात्र क्षणभर उशिरा धरतो, त्याची सवय करावी लागली. पण माझे गाडीबरोबरच आले. मागाहून बसवायचे तर बिडाच्या डिस्कसाठीचे पॅड चालत नाहीत, रिममध्ये मोठी डिस्क मावते का ते बघावं लागतं, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने जुन्या डिस्कवर बसवलेला असतो. फक्त पुढे सिरॅमिक टाकून घोळ झालेली गाडी मी पाहिली आहे.

तिसरं_वळण:
आज ऑइल काढलं. काळ्या चहासारखं निघालं. कागद शोधले, गाडी घेतल्याला चार वर्षं झाली आणि बदलल्याची एकही नोंद नाही. लाज वाटली. किट रद्द. ट्रॅकचे पॅड रोजही ठेवले तर चालतील का?

काळेहात:
नको. गार असताना कमी धरतात, किंचाळतात आणि डिस्क खातात. दोन जोड ठेवा, आणि शक्य असेल तर प्रत्येक जोडीला तिच्या स्वतःच्या डिस्क. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो; त्यावर दुसऱ्या जातीचा पॅड घासला की थर कमी-जास्त होतो आणि पेडल थरथरतं. त्यालाच लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा.