उपासनेत हात वर केले तर बिघडलं कुठे?

नगरकर
गेल्या रविवारी चर्चमध्ये गायनाच्या वेळी आमच्या मंडळीतल्या काही तरुणांनी हात वर केले. उपासना संपल्यावर कमिटीनं त्यांना बाजूला घेऊन समज दिली, 'आपल्याकडे हे चालत नाही.' मला हे अजिबात पटलेलं नाही. बायबलमधलं स्तोत्र ९५ गुडघे टेकायला सांगतं, १३४ हात वर करायला. प्रेषित पौलही तीमथ्याला पत्रात तेच लिहितो. आपण हे सगळं मोठ्यानं वाचतो आणि बाकावर जागचे हलत नाही. शरीर देवानंच दिलंय, मग प्रार्थनेत ते का नको?

जुना सभासद
पौल त्याच वाक्यात 'राग व विवाद सोडून' म्हणतो, जोर त्यावर आहे. आणि लोकांना दिसावं म्हणून केलेल्या प्रार्थनेबद्दल येशू काय म्हणाला ते मत्तय ६ मध्ये वाचा. आई वारली त्यानंतरच्या रविवारी मी दुसऱ्या एका मंडळीत मान खाली घालून बसलो होतो. माइकवरून पुन्हा पुन्हा सांगत होते, 'सगळ्यांनी हात वर करा!' शेजारच्यानं माझं कोपर धरून वर उचललं. याला मी आराधना म्हणणार नाही.

वसईची
आमच्या कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं सगळ्यांचं एकदमच होतं, त्यामुळे कोण किती भक्तिमान हे कुणी मोजत नाही. शिवाय १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, जमिनीवर बसणं, चपला काढणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार, पंचांग प्रणाम या सगळ्याला परवानगी दिली. आपल्या मातीतल्या या मुद्रा सोडून परक्यांचं अनुकरण कशाला?

भीमथडी
ताई, 'आपली माती' म्हणजे नेमकी कुणाची? माझ्या पणजोबांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते. ते चर्चमध्ये आले आणि सगळ्यांच्या बरोबरीनं बाकावर बसले. आमच्या घरात त्या बसण्याला फार मान आहे. पंचांग प्रणाम आणि आरती तुम्हाला आपलं वाटतं, आम्हाला ते बंद दार आठवतं.

नगरकर
भीमथडी, हे मी लक्षात घेतलं नव्हतं, आणि ते खरंच महत्त्वाचं आहे. पण हात वर करणं टीव्हीवरून आलं असं कमिटी म्हणते, ते खोटं आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत होत्या, गुडघ्यांवर पडून एकत्र, मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. लॉस एंजेलिसमधलं अझूसा स्ट्रीटचं प्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागरण, म्हणजे भक्तीची मोठी लाट, त्याच्या पुढच्या वर्षीचं. आणि एकच पद्धत कायमची म्हणाल, तर इ.स. ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेनं रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करायला सांगितलं होतं. ते आज किती मंडळ्या पाळतात?
माझी मागणी एवढीच: माइकवरून हुकूम नको, आणि ज्यानं हात वर केले त्याला समजही नको.

जुना सभासद
हुकूम नसेल तर माझी हरकत निम्मी झाली. पण तरुणांनी आधी पाळकसाहेबांशी बोलायला हवं होतं, हे मी मीटिंगमध्येही मांडणार आहे.