फेब्रुवारीत पाणी वाहतं असेल असा नदीकाठ आणि थोडं जंगल, मित्राला कमी दिसतं, कुठे नेऊ?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. शाळेपासूनचा एक मित्र आहे, आम्ही दोघं आता ५८ चे. पोरं होतो तेव्हा रोज संध्याकाळी गिरणेच्या पात्रात हुंदडायचो, उन्हाळ्यात वाळूतल्या वाडीवर जाऊन टरबूज मागून खायचो, पाय न भिजवता घरी आलो असं कधी झालं नाही. आता त्याला काचबिंदू आहे. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं जवळजवळ नाहीच. दोन वर्षं झाली, सकाळी कॉलनीतल्या कॉलनीत चक्कर मारतो तीपण वहिनींचा हात धरून. परवा चहा पिताना म्हणाला, मला एकदा वाहत्या पाण्याचा आवाज ऐकायचाय रे, नळाचा नको.

गिरणेवर मी आधी एकटा जाऊन पाहून आलो. वाळू उपशाचे असे खड्डे झालेत की धड डोळ्यांचा माणूस पडेल, आणि धरणातून आवर्तन सुटलेलं नसलं की पाणी म्हणजे नुसती डबकी. जीव खट्टू झाला. तर विचारायचं हे की फेब्रुवारीच्या शेवटी आपल्या भागात पाणी खळखळ वाहतं आणि बाजूला झाडी आहे अशी जागा कोणती? चालणं तासभर, वाट बऱ्यापैकी सपाट, चढ नको. गाडी आहे.

खिरोदा रोड
भाऊ, पालला जा. सावद्याहून खिरोदामार्गे रस्ता आहे, यावल अभयारण्याच्या कडेचं गाव, सुकी नदी तिथूनच येते. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या कारण बरेच लोक इथे फसतात. सुकी, मोर या सातपुड्यातल्या नद्यांना डोंगरात पाणी दिसतं आणि खाली सपाटीला आलं की गडप. पायथ्याला दगडगोटे, वाळू, मुरूम यांचा खूप जाड थर आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात, नदी त्यात जिरते. रावेर-यावलची केळी याच जिरलेल्या पाण्यावर वाढली, आणि बोअर मारमारून ते पाणी आता किती खोल गेलंय ते आम्हाला विचारा, माझ्या वडिलांच्या विहिरीवर मोट चालायची. असो, विषय तो नाही. मुद्दा इतकाच की खालच्या पुलावरून कोरडं पात्र पाहून माघारी फिरू नका, वर डोंगरात चला. गारबर्डी धरणाच्या भिंतीकडे नको, तिथे पाणी गप्प असतं. आवाज हवा तर दगडांतून ओहोळ उतरतो ती जागा हवी, पालच्या माणसाला विचारा, तो बरोबर दाखवेल. अभयारण्याच्या आत जायचं असेल तर वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच, बिबट्या आहे, अस्वल आहे.

चांगदेवकर
हतनूर धरणाचं बॅकवॉटर का नको? चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, जुनं दगडी मंदिर आहे, थंडीत चक्रवाक आणि पट्टकादंब हंस येतात. महाशिवरात्रीच्या आसपास मात्र यात्रेची गर्दी असते.

पळसमैना
चांगदेव मला जीव की प्राण आहे, पण दादांच्या मित्राला तिथलं पाणी ऐकू येणार नाही आणि पक्षी लांब, दुर्बिणीतून बघायचे. पालच बरं. मी दर वर्षी याच दिवसांत जाते म्हणून सांगते, त्यांना ऐकायला, हात लावायला काय काय आहे ते. सागाची पानं गळालेली असतात, मोठाली, वाळून कडक, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि साधा सरडा पळाला तरी वाटतं की केवढं जनावर गेलं. पळस, काटेसावर फुललेली असते, तिथे भोरड्यांचे थवे उतरतात, त्यांचा कलकलाट झाड दिसायच्या आधी कानावर येतो. उन्हं चढली की तांबट पक्षी सुरू होतो, टुक टुक टुक, थकतच नाही. मग खोडं. सादड्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि पाण्याच्या कडेचा अर्जुन एकदम गुळगुळीत, ही दोन्ही एकामागून एक हाताला द्या, लगेच कळतं. सालईच्या खोडावर डिंक आला असेल तर बोटाने घेऊन वास घ्यायला सांगा, देवघरातला धूप आठवेल. काटेसावरीच्या कोवळ्या खोडाला काटे असतात तेवढं सांभाळा.

आणि रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड! १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, संपला असंच धरलेलं, तो नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना सापडला. यावलच्या जंगलातही आहे. हा पिंगळा दिवसाढवळ्या ओरडतो, म्हणजे तुमच्या मित्राला ऐकू येण्याचा चान्स आहे. फक्त मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलवू नका, त्याला विनाकारण त्रास होतो.

अनेर थडी
माझ्या वडिलांची नजर अशीच गेली त्यामुळे एक सांगतो. तुम्ही त्यांचा हात धरू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. हात ओढला की माणूस बिचकतो, कोपर धरलं की तुमच्या अंगावरून त्याला उतार, पायरी, वळण आपोआप समजतं. ऊन-सावलीच्या पट्ट्यांनी त्यांना जास्त गोंधळायला होतं, पुढे छज्जा असलेली टोपी घाला. सकाळी गारठा असतो, दहानंतर स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो. विडी-काडी अजिबात नको, पाचोळा पेट घेतो. आणि डोळ्यांत टाकायचे थेंब गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा, वेळ चुकायला नको. तुमना दोस्तले मना रामराम सांगा.

गिरणाकाठ
मंडळी, काल जाऊन आलो. पालच्या नाक्यावर नोंद केली, गावातला एक पावरा आदिवासी भाऊ बरोबर आला, त्याने सांगितलं तेवढंच आत गेलो. पाणी घोट्याएवढंच होतं पण दगडांतून चांगलं बोलत होतं. मित्र काठावर बसला, बूट काढले, पाय पाण्यात सोडले, आणि मी मूर्खासारखा गार आहे का गार आहे का विचारत राहिलो तर म्हणाला गप बस जरा. अर्धा तास आम्ही दोघं काही बोललो नाही. कोपराचं अगदी बरोबर, पहिली दहा मिनिटं अडखळला, नंतर शाळेत चालायचो तसाच चालायला लागला, उलट मीच दोनदा झाडाच्या मुळात पाय अडकवला. सादड्याला हात लावून म्हणाला ही तर आपल्या आजोबांची टाच! ताई, तांबट ऐकला, भोरड्या पोटभर ऐकल्या, रानपिंगळा नाही. येताना फैजपूरला भरीत-पुरी खाल्ली, काड्यांवर भाजलेलं वांगं, त्या धुराचा वास आल्यावर तो आणखी एक वाढा म्हणाला.

त्याला मोह फुलल्यावर पुन्हा जायचं होतं. पावरा भाऊंनी नको सांगितलं, त्या दिवसांत अस्वलं मोहाखाली येतात. मग पुढच्या वर्षी याच दिवसांत असं ठरलंय. डॉक्टरांचं म्हणणं आहे की गेलेली नजर परत येत नाही पण थेंब वेळेवर पडले तर आहे ती टिकवता येते, म्हणून सकाळ-संध्याकाळचा अलार्म मी माझ्याही मोबाइलमध्ये लावलाय, वाजला की त्याला फोन करतो.