मदत हवी आहे: फोटोमालिका 'गोष्ट नाही' म्हणून परत आली

उंबरठा (धागाकर्ता)
सोमवारी सबमिशन आहे. १२ फोटोंची मालिका सरांनी परत पाठवली. म्हणे, "ही कृती झाली, गोष्ट कुठे आहे?" फोटो शार्प आहेत, एक्स्पोजर नीट आहे, क्रम बदलून पाहिला. अजून काय करायचं असतं? कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
विषय काय? कॅमेरा कोणता? पुन्हा जाऊन फोटो काढता येतील, की आहेत त्यातूनच निवडायचे?

उंबरठा
गुऱ्हाळ, कोल्हापूरजवळचं. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा कॅमेरा), सोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स. शनिवारी जाता येईल, पण एकच आधण (रसाची एक खेप) मिळेल.

एफ_एकआठ
किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर अडकते (त्याहून जास्त उघडत नाही, प्रकाश कमी येतो), गुऱ्हाळाच्या अंधारात ती पुरणार नाही. ५० एमएम १.८ घ्या, सेकंडहँड सहज मिळते.

घाटमाथा
प्रश्न गोष्टीचा आहे, लेन्सचा नाही. शिवाय क्रॉप सेन्सरवर ५० म्हणजे ७५-८० होतं, फ्रेममध्ये कमी मावतं. काहिलीभोवती (रस उकळायची मोठी कढई) मागे सरकायला जागाच नसते. १८ ला एफ ३.५ मिळतं, म्हणजे प्रकाश जास्त. आयएसओ ३२०० ठेवा, शटर १/१२५ पर्यंत नेता येईल.

एफ_एकआठ
मग हात आणि चेहरा जवळून कशाने घेणार? १८ ने नाकापाशी गेलात तर चेहरा वेडावाकडा येतो.

काकवी
उंबरठा, तुमच्या १२ फोटोंत ऊस, चरक, रस, उकळी, मळी (उकळताना वर येणारा मळ), वाफा (पाक ओतून गार करायची जागा), ढेप हेच असणार. गुळव्याचा (गूळ शिजवणारा कारागीर) चेहरा किती फोटोंत आहे?

उंबरठा
एकात. पाठमोरा.

काकवी
अडलंय ते इथेच. आधणाला अडीच-तीन तास लागतात, पण पणाला लागलेलं असतं ते शेवटच्या काही मिनिटांत. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसवर आला की काहील उतरवायची. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, ढेप मऊ राहते. उशीर झाला तर करपून काळा पडतो आणि भाव जातो. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि "उतरवा" म्हणतो. तुमची गोष्ट म्हणजे तो निर्णय.

म्हणून शनिवारी चरकावर वेळ घालवू नका, तो तुमच्याकडे आहेच. मळी काढून झाली की गुळव्याच्या समोरच्या बाजूला उभे राहा. नजर पाकावर असताना चेहरा, पाण्याच्या भांड्यातली बोटं, चुलवाणात (काहिलीखालची भट्टी) चिपाड टाकणाऱ्याने वर बघून वाट पाहणं, मग काहील उलटणं. चेहरा आणि बोटं हे दोन फोटो हुकले तर मालिका पुन्हा कृतीवरच येईल. आधीचे पाच-सहा ठेवा, बाकीचे काढून टाका. काहील उलटताना उताराच्या बाजूला उभं राहू नका. पाक अंगावर उडाला तर चिकटतो आणि खोल भाजतो.

कृष्णधवल
सगळी मालिका ब्लॅक अँड व्हाइट करा. आपोआप एकसंध दिसेल.

काकवी
नको. रस हिरवट, मग पिवळा, मग तांबूस. पाक कुठवर आला हे रंगच सांगतो. तोच काढून टाकला तर गुळव्या काय बघतोय ते वाचकाला कसं कळणार?

कृष्णधवल
ट्यूबचा निळा आणि जाळाचा केशरी एकाच फोटोत घाण दिसतो, म्हणून म्हटलं.

घाटमाथा
त्यावर उपाय आहे. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधून ठेवा. ऑटोवर प्रत्येक फोटोत गुळाचा रंग वेगळा येतो आणि मालिका फुटते. ट्यूब झगमगत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर आडवे पट्टे येतात. फ्लॅश नको, समोरची वाफ पांढरा पडदा होते. वाफेने फ्रेम भरली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, तेव्हा एक्स्पोजर +०.७ करा. जाळाच्या फ्रेमला −१.

रानमेवा
शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. तेही घ्या, आणि भौगोलिक मानांकनाचंही.

घाटमाथा
तो वेगळा विषय आहे. तिसरी गोष्ट घुसडली की १२ फोटोंत काहीच मावत नाही.

पाणचिन्ह
फोटोंवर वॉटरमार्क टाका हं, कोपऱ्यात नको, मध्यभागी.

काकवी
सबमिशनमध्ये वॉटरमार्क अजिबात नको.

उंबरठा
लेन्सवर वाफ जमते त्याचं काय? पुसलं की चिकट डाग राहतो.

एफ_एकआठ
गार कॅमेरा गरम शेडमध्ये नेल्यावर होतं ते. बंद पिशवीत ठेवून २० मिनिटं आत राहू द्या, मग बाहेर काढा. पुढे यूव्ही फिल्टर लावा. डाग साखरेचा असतो, कोरडं घासू नका. फिल्टर काढून ओलसर मऊ कापडाने पुसा, वाळल्यावर लावा.

उंबरठा
ठीक. फोटोओळी लागतात का? सरांनी काही सांगितलं नाही.

काकवी
लागतात. जे फोटोत दिसतंय ते परत लिहू नका. "पाक बघताना गुळव्या" असं लिहून काही मिळत नाही. "गोळी वळली की काहील उतरते, उशीर झाला तर गूळ काळा" असं लिहा. गुळव्याचं नाव त्यांना विचारून घ्या, शुद्धलेखन त्यांच्याकडूनच तपासून घ्या, आणि फोटो कुठे लागणार ते आधी सांगा.

घाटमाथा
रविवारी ४×६ चे साधे प्रिंट काढा, २५-३० तरी. जमिनीवर मांडा आणि एकेक उचलत जा. उचलल्यावर काही तुटलं नाही, तर तो फोटो नको होता. १२ च द्यायचेत की १२ पर्यंत, ते आजच विचारून घ्या.