आतडी धुऊन काढणं: नेमकं कोणतं विष बाहेर पडतं?

निशिगंध:
हर्बल डिटॉक्सची पाकिटं आणि कोलन क्लेन्झिंग, म्हणजे मोठं आतडं धुऊन काढणं, यांचा पुरस्कार करणाऱ्या सगळ्यांना माझा एकच प्रश्न आहे. जे विष तुम्ही बाहेर काढता, त्याचं नाव सांगा. शिसं? पारा? एखादं कीटकनाशक? नाव कळलं की ते रक्तात आधी किती होतं आणि कोर्सनंतर किती उरलं, हे मोजता येतं. ब्रिटनमधल्या 'सेन्स अबाउट सायन्स' या संस्थेशी जोडलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी २००९ साली डिटॉक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या १५ उत्पादनांबद्दल कंपन्यांकडे हीच विचारणा केली होती. डिटॉक्स म्हणजे काय, यावरसुद्धा दोन कंपन्यांचं एकमत नव्हतं.

खरी विषबाधा होते तेव्हा काय करायचं हे वैद्यकाला माहीत आहे. शिसं अंगात भिनलं तर त्याला धरून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध देतात, मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिस करतात. एरवी यकृत अमोनियाचं युरियात रूपांतर करतं, दारू आणि औषधं मोडून निरुपद्रवी करतं, आणि मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पाकिटातली पूड यात काय भर घालते, ते कुणीतरी सांगा. नुसतं 'टॉक्सिन्स' म्हणू नका.

पांथस्थ:
नाव माहीत नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. ज्याला वर्षानुवर्षं बद्धकोष्ठाचा त्रास आहे त्याला विचारून बघा. डोकं जड, जिभेवर थर, कशात लक्ष लागत नाही, उगाच चिडचिड. पोट साफ झालं की त्याच दिवशी माणूस टवटवीत होतो. मी हे घरात पाहतोय. डॉक्टरांना सांगावं तर 'पाणी जास्त प्या, चाला' एवढं बोलून पुढचा पेशंट आत. हर्बलवाला निदान शांतपणे ऐकून घेतो. आणि ज्याला बरं वाटतंय त्याला तुम्ही रक्ताचे आकडे मागणार?

रात्रपाळी:
पांथस्थ, मी एन्डोस्कोपी विभागात, म्हणजे दुर्बिणीने पोट-आतडी तपासतात तिथे, नर्स आहे. पोट साफ झाल्यावर बरं वाटतं, ते लगेच वाटतं, आणि डॉक्टर ऐकून घेत नाहीत, तिन्ही मान्य. पण 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे.

आतड्यातला मळ सडून रक्तात विष सोडतो, ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला 'ऑटोइन्टॉक्सिकेशन' असं भारदस्त नाव मिळालं. १९०८ चे नोबेल विजेते शास्त्रज्ञ मेचनिकॉफसुद्धा मोठ्या आतड्याला म्हातारपणाचं कारण मानत. लंडनचे नावाजलेले सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढत. मग १९२२ साली डोनाल्डसन यांनी एक साधा प्रयोग केला. काही पुरुषांना शौच रोखून धरायला सांगितलं. डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड, सगळं सुरू झालं आणि पोट साफ होताच थोड्या वेळात थांबलं. त्यानंतर त्यांनी रिकाम्या गुदाशयात कापसाचे बोळे भरले. तरीही तीच लक्षणं दिसली! कापसातून कसलं विष शोषलं जाणार? गुदाशयावर ताण आला की तिथल्या नसा त्रास देतात, ताण सुटला की सुटका होते. रक्तात भिनलेलं विष असं तासाभरात ओसरत नाही.

मृदगंध:
पुस्तकातलं राहू द्या. मी स्वतः कोर्स केलाय आणि डोळ्यांनी पाहिलंय. काळपट हिरवा, रबरासारखा चिवट, दोरीएवढा लांब. आतड्याच्या वळणांचा आकारसुद्धा त्यावर उमटलेला होता. एरवी असं काही कधीच पडत नाही. वर्षानुवर्षं चिकटून बसलेला थर नाही तर ते काय होतं?

रात्रपाळी:
मृदगंध, तुमच्या पाकिटावर घटक छापलेले असतील तर बघा. इसबगोल आणि बेन्टोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, ही दोन नावं बहुधा सापडतील. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतं, माती त्याला चिवटपणा देते, आणि हे मिश्रण आतड्यातून सरकताना आतड्याचाच आकार घेतं. तुम्ही पाहिलेली वस्तू खरी आहे, पण ती तोंडावाटे आत गेलेली आहे. कोर्स न करणाऱ्याला ती दिसत नाही, त्याचं कारण हेच.

दुर्बीण आत जाते तेव्हा स्क्रीनवर मी रोज आतडं बघते. आदल्या दिवशीच्या औषधाने ते रिकामं झालेलं असतं. भिंती गुलाबी, ओलसर, चकचकीत, आतल्या बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. वर्षानुवर्षांचा थर बसलेला मी कुणाच्याही आतड्यात पाहिलेला नाही. बसणार तरी कसा? आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. हां, वर्षानुवर्षं सोनामुखीवर असलेल्यांचं अस्तर मात्र तपकिरी-काळं झालेलं दिसतं. ते सहसा अपाय करत नाही आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातं, पण तो रंग रेचकाने आलेला असतो.

रानवाटा:
चर्चा एकाच बाजूला झुकतेय म्हणून लिहितोय. वनस्पती सरसकट मोडीत काढू नका. सोनामुखीने पोट साफ होतं याबद्दल कोणत्याही डॉक्टरचं दुमत नाही. इसबगोलमधल्या विद्राव्य तंतूंमुळे हृदयरोगाचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, १९९८ साली परवानगी दिली. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीतून काढलेलं सिलिबिनिन हे औषध विषारी अळिंब्यांच्या बाधेत शिरेतून देतात, म्हणजे ज्या यकृताचा तुम्ही दाखला देताय त्यालाच वनस्पती वाचवतेय. आणि पाण्याने आतडं धुणंही थोतांड नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांवर २००६ साली झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला आहे.

निशिगंध:
रानवाटा, तुमचं एकही उदाहरण मला खोडायचं नाही. पण प्रत्येकात पदार्थ ठरलेला, मात्रा ठरलेली, रोगी ठरलेला आणि परिणाम तपासलेला आहे. मी पाकिटवाल्यांकडे एवढंच मागतेय. बाजारातल्या डिटॉक्स आहारांवरच्या संशोधनाचा २०१५ साली आढावा घेतला गेला, त्यात माणसांवर केलेली एकही नियंत्रित, यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली) चाचणी सापडली नाही. आणि वनस्पतीत यकृत वाचवायची ताकद आहे, तर बिघडवायचीही आहेच. ग्रीन टीच्या अर्कातला मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. तोच अर्क यकृत 'शुद्ध' करायला विकला जातो, याचा मला मनापासून संताप येतो.

आतडं धुण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका क्लिनिकमध्ये १९७८ ते १९८० या काळात धुण्याच्या यंत्रातून अमिबाचा संसर्ग पसरला. निदान ३६ जण आजारी पडले, १० जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यातले ६ दगावले. ही धडधाकट होण्याच्या आशेने गेलेली माणसं होती.

रानवाटा:
ते यंत्र नीट साफ होत नव्हतं. आता एकदाच वापरायच्या नळ्या असतात. आणि हिशेब करायचाच तर दोन्हीकडचा करा. कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीआधी, पोट साफ करायला डॉक्टरच देत होते त्या सोडियम फॉस्फेटने काहींची मूत्रपिंडं कायमची बिघडली. एफडीएने २००८ मध्ये सर्वात कडक इशारा दिला, तोवर ते सर्रास चालू होतं.

रात्रपाळी:
अगदी बरोबर. आता त्या तयारीसाठी बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे दुसरं रेचक देतात. हा बदल झाला कारण बिघडलेल्या मूत्रपिंडांची नोंद झाली, त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, कारण सापडलं. डिटॉक्सच्या पाकिटाने कुणाचं रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर ती नोंद कोण ठेवतं? नळी नवी असली तरी आतडं फाटण्याचा आणि क्षार बिघडण्याचा धोका राहतोच. कण्याच्या इजेच्या रुग्णाला तो पत्करावा लागतो, कारण त्याला शौचाचा रोजचा प्रश्न सोडवायचाय. धडधाकट माणसाने तो कशासाठी घ्यायचा?

पांथस्थ:
माझं मूळ म्हणणं कायम आहे, बद्धकोष्ठाकडे डॉक्टर गांभीर्याने बघत नाहीत. पण एक विचारतो. आई रोज रात्री हर्बल चहा घेते, त्यात सोनामुखी आहे. सूज उतरायची आणि हृदयाची गोळीही चालू आहे. चालतं का?

रात्रपाळी:
हे लांबवू नका. सूज उतरवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतं, रोजच्या सोनामुखीने आणखी कमी होऊ शकतं, आणि हृदयाची गोळी डिगॉक्सिन असेल तर कमी पोटॅशियममध्ये तिची विषबाधा होऊ शकते. स्वतःहून गोळी बंद करू नका. चहाचं पाकीट आणि सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा, पोटॅशियम तपासून घ्या, बद्धकोष्ठासाठी दुसरं औषध मागा. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं किंवा उतारवयात अचानक बदललेली सवय, यातलं काही असेल तर तेही आवर्जून सांगा. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, पायात गोळे येत असतील किंवा समोरचं सगळं पिवळसर दिसत असेल, तर आजच जा.

पांथस्थ:
गोळे येतात, रात्री. उद्या सकाळची वेळ घेतली होती, आत्ताच घेऊन निघतो. पाकीट पिशवीत टाकलंय.