आडवाटेला इंजिन फसफसलं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

गाडी ठार बंद पडली तर निदान ढकलायची तरी तयारी होते. पण चालू आहे, दम मात्र नाही, चढाला फसफसते, रेस सोडली की मरते, असं इंजिन घेऊन रेंज नसलेल्या जागी अडकणं फार वाईट. गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात आणि नदीवर वावरणाऱ्यांनी इथे लिहावं. दुचाकी, होडी, कुळागरातलं (नारळ-पोफळीच्या बागेतलं) यंत्र, काहीही चालेल. बिघाड कुठे आहे हे कशावरून ओळखलंत, ते आवर्जून सांगा. दुरुस्ती त्यानंतरची गोष्ट.

केरी, सत्तरी

चोर्ला घाट, भर पाऊस, जुनी कार्बोरेटरवाली मोटारसायकल. अंजुणे धरण मागे टाकेपर्यंत ठीक होती. वळणं सुरू झाली तशी मिसिंग करू लागली. चोक अर्धा ओढला की थोडी सुधारायची. म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडत होतं, ठिणगीचा दोष वाटत नव्हता. आडोशाला थांबून इंजिन निवू दिलं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून वाटीतलं सगळं पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत घेतलं. बाटली स्थिर धरल्यावर तळाला वेगळा थर दिसला. पाणी! टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं, तिथून पाऊस आत जात होता.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरून जळून जातं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि कॉकमधून सगळ्यात आधी तेच येतं. म्हणून नुसती वाटी रिकामी करून भागत नाही. मी पाइप काढून टाकीतलंही थोडं पेट्रोल बाटलीत घेतलं, थर दिसेनासा झाल्यावरच पाइप जोडला. झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि सुर्लापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

तळपण, काणकोण

आमच्या होडीला टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे. हळू चालवलं तर बरं, पूर्ण रेस दिली की दहा-वीस वाव जाऊन इंजिन बसायचं. भरतीचं पाणी, जवळ दुसरी होडी नाही. अशा वेळी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा सगळं सांगतो. चालू इंजिनात तो हाताने दाबत राहिल्यावर इंजिन टिकलं, तर दोष इंजिनाच्या पेट्रोल पंपात किंवा हवा खेचणाऱ्या जोडात. गोळा आपोआप चपटा झाला, तर टाकीच्या बाजूने काहीतरी अडलंय. आमचा चपटा होत होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूच बंद होता, तो उघडला आणि काम झालं. इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार मात्र अशा वेळी आधी बघावी. ती आटली असेल तर इंजिन ताबडतोब बंद, कारण खाली प्लॅस्टिक अडकलेलं असतं किंवा पाण्याचा पंप गेलेला असतो, आणि तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो.

नेत्रावळी

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची गाडी असेल तर वाटी, जेट वगैरे विसरा. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का, ते पाहा. माझ्या गाडीत ती येत होती. न्यूट्रलमध्ये इंजिन छान चालायचं, गिअर टाकला की बंद. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँडचा स्विच असतो, स्टँड खाली असताना गिअर टाकला की तो इंजिन बंद करतो. माझ्या स्विचमध्ये लाल चिखल भरला होता. पाण्याने धुतला, स्टँड चार-पाच वेळा वरखाली केला.

सावई वेरे

वरच्या होडीसारखंच माझ्या स्कूटरचं. काही अंतर चालून मरायची, थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. मेल्या मेल्या टाकीचं झाकण उघडलं तर ‘सुस्स’ आवाज आला. झाकणातलं हवेचं बारीक भोक धुळीने बुजलं होतं. सुईने मोकळं केलं.

भिरोंडा

कुळागरातला ग्रास कटर सुरू व्हायचा, स्लोला चालायचा, पण रेस वाढवली की घुसमटायचा. प्लग काढून पाहिला तर काळा, तेलकट. पुसून लावला, फरक शून्य. पेट्रोल ताजं, एअर फिल्टर स्वच्छ. मग उरली धूर जायची वाट. सायलेन्सरच्या तोंडाची छोटी जाळी काजळीने पूर्ण भरली होती. टू-स्ट्रोकमध्ये हे नेहमीचंच, आणि पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घातलं की लवकर होतं. आमच्या यंत्राला लिटरला 20 मिली पुरतं, पण गडी अंदाजाने ओततात. तारेच्या ब्रशने जाळी घासली, तिथेच यंत्र पूर्वीसारखं ओरडायला लागलं. आता मापाची बाटली कॅनलाच बांधून ठेवली आहे. प्लगचा पाना, जुना टूथब्रश आणि एक नवा प्लगही त्याच पिशवीत असतो.