टिर्झेपॅटाइडचे इंजेक्शन सुरू होत आहे : सासूबाईंचे उपवास आणि प्रथिने कशी सांभाळावीत?

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय 61 आहे, वजन 88 किलो आहे आणि बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून वजन उतरल्याशिवाय दुखणे आटोक्यात येणार नाही असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितल्यामुळे, त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी पुढच्या आठवड्यापासून टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, हे साखर आणि वजन उतरवणारे इंजेक्शन सुरू करायचे ठरवले आहे. ज्यांनी हे औषध स्वतः घेतले आहे किंवा घरातील ज्येष्ठांना दिले आहे, त्यांचे अनुभव हवे आहेत.

डॉक्टरांनी बरेच नीट समजावले आहे. आठवड्यातून एकदा, पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, हा डोस शरीराला सवय व्हावी म्हणून असतो, त्यात वजन फारसे उतरले नाही तरी निराश होऊ नये. पुढे 5 मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने 2.5 ने वाढ, कमाल 15 पर्यंत. मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठतेचा त्रास बहुधा डोस वाढवल्यानंतर जाणवतो. पोटात तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जाऊ लागली आणि थांबेना, तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याची शक्यता असते, म्हणून लगेच रुग्णालय गाठायचे. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, हेही त्यांनी आवर्जून विचारले, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्यायला लावली.

माझी खरी काळजी उपवासांची आहे. सासूबाई दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि श्रावणातले सगळे सोमवार करतात, आणि ते सोडा असे त्यांना सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांच्या मनाला त्याचा मोठा आधार आहे. परंतु या औषधाने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तुपातली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, शेंगदाण्याची आमटी हे सारे पोटात तसेच पडून मळमळ वाढेल असे वाटते. शिवाय त्या ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतात. त्याचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला आहे, तरी दिवसभर अन्न कमी गेले तर साखर अचानक उतरण्याची भीती आहेच. उपवासाच्या दिवशी ही गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारणार आहे. पण इंजेक्शनचा वार उपवासापासून किती दूर ठेवला, आणि उपवासाला नेमके काय खाल्ले तर पोटाला सोसले, हे अनुभवी मंडळीच सांगू शकतील.

दुसरा प्रश्न प्रथिनांचा. भूक मंदावली की त्या दोन घास वरण-भात खाऊन उठतील, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतील. या वयात पायांतली ताकद गेली तर गुडघ्यांसाठी केलेला सारा खटाटोप व्यर्थ जाईल. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही चालत नाही. पनीर, घट्ट दही, मुगाचे धिरडे, सोयाबीन घालून दळलेले पीठ यांपैकी मळमळीच्या दिवसांतही कशाची वासना राहते? प्रथिनांची पावडर ताकात मिसळून दिली तर चालते का?

आम्ही जळगावला राहतो. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर असतो आणि वीज तासन्‌तास जाते. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, पण गोठले तर वापरता येत नाही, म्हणून बर्फाला थेट टेकवून ठेवायची भीती वाटते. अशा गावांत राहणाऱ्यांनी काय सोय केली आहे?

औषध थांबवल्यावर वजन बहुतांशी परत वाढते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे हा खर्च काही महिन्यांचा नाही, हे धरूनच आम्ही तयारी केली आहे. कृपया त्याबद्दल परावृत्त करण्यापेक्षा वरील तीन गोष्टींवर लिहावे.