देवयानीच्या जुन्या डेटाचं पुन्हा प्रोसेसिंग: सल्ला हवा

निशाचर: मंडळी, देवयानी दीर्घिकेचे (एम ३१) जुने सब्स (एकत्र करायचे सुटे फोटो) डिस्कवर पडून आहेत. क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, २०० मिमी लेन्स, ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), एकेका मिनिटाचे सब्स, एकूण दोनेक तास. डार्क (झाकण लावून घेतलेले, सेन्सरचा नॉइज वजा करायला) आहेत, फ्लॅट (सारख्या उजेडाचे, कोपऱ्यांतला काळोख काढायला) नाहीत. तेव्हा स्टॅक करून (सगळे सब्स एकावर एक रचून) नुसते कर्व्ह (उजेड-काळोखाचा आलेख) ओढले होते. गाभा पांढराफटक, बाहेरचे बाहू गायब, आकाश हिरवट. आता नव्याने करायचंय. सॉफ्टवेअर शक्यतो फुकट. क्रम काय ठेवू? आणि गाभा परत मिळतो का, की गेला तो गेलाच?

वक्री_शनी: रॉ फाइल्स आहेत ना? मग जुन्या जेपीजीकडे ढुंकूनही पाहू नका, स्टॅकपासून सुरुवात करा. गाभ्याचं उत्तर स्टॅकमध्ये नाही, एकट्या सबमध्ये आहे. स्ट्रेच न करता (म्हणजे अंधूक भाग उजळ न करता) एक सब सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कर्सर गाभ्यावर न्या. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६३८३ च्या आसपास असतो. पिक्सेल तिथे टेकले असतील तर तेवढा भाग गेला. खाली असतील तर गाभा जागेवरच आहे, तो तुमच्या कर्व्हने जाळलाय.

उत्तरगोल: फ्लॅट आत्ताही काढता येतील! तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, फोकस अनंतावर. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके जुळणार नाहीत, पण कोपऱ्यांतला काळोख बराचसा जाईल. हे आधी करा. नाहीतर ग्रेडियंट (आकाशाचा एका बाजूने दुसरीकडे बदलत जाणारा उजेड) काढणारं सॉफ्टवेअर व्हिनेटिंग (कोपऱ्यांतला काळोख) आणि प्रकाशप्रदूषण यांची खिचडी करतं. पहिल्यात भागायचं असतं, दुसऱ्यात वजा करायचं.

मग सिरिलमध्ये: प्रत्येक सबवर पहिल्या डिग्रीचं (सरळ उताराचं) बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे ग्रेडियंट वजा करणं (रात्रभरात ग्रेडियंटची दिशा बदलते, म्हणून स्टॅकच्या आधी), स्टॅक ३२ बिटमध्ये, कडा क्रॉप, प्लेट सॉल्व्ह (ताऱ्यांवरून फोटोची आकाशातली जागा ओळखणं), एसपीसीसी (ताऱ्यांच्या खऱ्या रंगांवरून रंग जुळवणं). गाया उपग्रहाच्या नोंदींवरून रंग बसतो आणि हिरवटपणा बहुतेक तिथेच जातो. उरलाच तर ग्रीन नॉइज रिमूव्हल, हलक्या हाताने. स्ट्रेच सगळ्यात शेवटी.

निशाचर: गाभ्याचे आकडे कमाल मर्यादेच्या बरेच खाली निघाले, हुश्श. फ्लॅटनेही कोपरे सुधारले. आता नवी भानगड: स्टॅकवर थोडा ग्रेडियंट उरला होता म्हणून ग्राएक्सपर्ट (ग्रेडियंट आपोआप काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तर एम ११० या देवयानीच्या सोबती दीर्घिकेभोवतालची अंधूक आभाच नाहीशी झाली.

वक्री_शनी: होणारच. देवयानी आकाशात तीन अंशांहून लांब आहे, तुमच्या फ्रेमची जवळपास अर्धी रुंदी. सॉफ्टवेअरला ती आभा पार्श्वभूमीच वाटते. ऑटो सोडा, सिरिलमध्ये हाताने सॅम्पल (आकाशाचा उजेड मोजायचे ठिपके) ठेवा: दीर्घिकेपासून लांब, कडांजवळ, मोजकेच. आभेवर पडलेला सॅम्पल राइट क्लिकने उडतो. डिग्री एकच ठेवा. कडेला किंचित ग्रेडियंट राहिला तरी चालेल, बाहू खाल्लेले चालणार नाहीत.

रात्रपाळी: स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे काढून दीर्घिका वेगळी स्ट्रेच करा, फरक पडतो.

उत्तरगोल: करा, पण डोळे उघडे ठेवून. २०० मिमीवर एम ३२ ही दुसरी सोबती दीर्घिका जवळजवळ ताऱ्यासारखी दिसते आणि ती ताऱ्यांबरोबर उचलली जाऊ शकते. एनजीसी २०६ हा निळसर तारकामेघही तपासा. आणि एआय शार्पनिंगपासून या फोकल लेंग्थला लांबच राहा असं माझं स्पष्ट मत. दीर्घिकेतले धुळीचे पट्टे इतके कोरीव काढून देतं की दुर्बिणीलाही लाज वाटावी. ते तुमच्या फोटोत नव्हतेच.

रात्रपाळी: नॉइज रिडक्शनला तरी हरकत नसावी?

उत्तरगोल: नाही, पण पूर्ण जोर लावू नका. थोडी दाणेदार पार्श्वभूमी परवडली, प्लास्टिकचं आकाश नको.

निशाचर: हाताने सॅम्पल ठेवले, आभा परतली! स्ट्रेच कोणता?

वक्री_शनी: सिरिलमधलाच जनरलाइज्ड हायपरबोलिक. सिमेट्री पॉइंट (जिथे सगळ्यात जास्त ताण द्यायचा तो उजेड) बाहेरच्या बाहूंच्या उजेडावर ठेवा, हायलाइट प्रोटेक्शनचा स्लायडर खाली आणा म्हणजे गाभा दबून राहील. एका दणक्यात नको, दोन-तीन छोट्या टप्प्यांत. मग सॅच्युरेशन. गाभा पिवळसर आणि बाहू निळसर दिसले की थांबा. सगळीच दीर्घिका जांभळी झाली तर एसपीसीसीत कॅमेऱ्याचा सेन्सर बरोबर निवडला होता का ते आधी बघा.